टॉर्च न लावता दिलेले निकाल

जुन्या झूम लेन्सबद्दल आपल्याकडे दोनच निकाल ऐकू येतात. एक, ‘कचरा आहे, सॉफ्ट आहे.’ दुसरा, ‘अशी शार्प आहे की आजच्या लाखाच्या लेन्सने हिच्यापुढे मान खाली घालावी.’ दोन्ही निकाल देणाऱ्यांनी बहुधा सारखंच काम केलेलं असतं : स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर लावून गॅलरीतून समोरच्या इमारतीचे चार फोटो काढायचे आणि ते पडद्यावर शंभर टक्के मोठे करून बघायचे. याला परीक्षा म्हणत नाहीत. हा शुद्ध आळस आहे. या आळसापायी चांगल्या लेन्स भंगारात जातात, आणि मेलेल्या लेन्स नवशिक्या पोरांच्या गळ्यात मारल्या जातात.

व्हिविटार सिरीज वन ७०–२१० घ्या. परवडणाऱ्या जुन्या झूममध्ये हिच्याइतकं क्वचितच कुणाबद्दल बोललं गेलं असेल, आणि हिच्याइतकं चुकीचंही. व्हिविटार ही कॅलिफोर्नियातली कंपनी. लेन्स ती स्वतः बनवत नव्हती, बनवून घेत होती. १९७०च्या दशकात तिने ‘सिरीज वन’ नावाची वरच्या दर्जाची मालिका काढली, रचना संगणकाच्या मदतीने करून घेतली आणि उत्पादन जपानी कारखान्यांना दिलं. पहिली ७०–२१० किनोने बनवली : सबंध झूमभर एफ/३.५, पुढे ६७ मिमीचा फिल्टर. दुसरी टोकिनाने : एफ/३.५च, पण फिल्टर ६२चा. तिसरी कोमिनेने : एफ/२.८–४. आतली भिंगांची मांडणी तिघींची वेगळी. म्हणजे एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या लेन्स विकल्या गेल्या, आणि त्यानंतरही आणखी आल्या. ‘व्हिविटारची ७०–२१० कशी आहे?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. ‘कुठली?’ हा प्रतिप्रश्न न विचारता जो उत्तर देतो, त्याचं पुढचं वाक्य ऐकायची गरज नाही. सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बघितले की बास : २२ असेल तर किनो, ३७ तर टोकिना, २८ तर कोमिने. आकडे लेन्सवर कोरलेले आहेत आणि तेवढेही वाचायचे कष्ट लोक घेत नाहीत.

हा रोग जुना आहे. निकॉनची ४३–८६, एफ/३.५ ही झूम १९६३ साली आली. उजेड समोरून आला की फोटो पांढुरका पडायचा, सरळ रेषा वाकायच्या, कोपरे ढिले. बदनामी रास्त होती. पण पुढे १९७०च्या दशकात निकॉनने आतली रचनाच बदलली, लेन्स बरीच सुधारली, तरी नाव तेच राहिलं आणि बदनामीही तीच चिकटून राहिली. पहिल्या लेन्सचं पाप दुसरी आजवर फेडते आहे.

आता आपल्या हवेकडे येऊ. मुंबईत, कोकणात, गोव्यात चाळीस-पंचेचाळीस पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशी नसेल तर ते नवल. त्यातून लोकांनी ती ठेवलेली असते चामड्याच्या केसमध्ये, कपाटाच्या तळाशी. चामडं ओल धरतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. बुरशीची आम्लं भिंगावरचा लेप खातात, आणि फार दिवस राहिली तर काचही. मध्यंतरी एक तरुण मुलगा अशीच एक किनोची ७०–२१० घेऊन आला होता. फोर्टातल्या बोरा बाजारातून घेतलेली. ‘सर, फार सॉफ्ट आहे, विकून टाकतो.’ बाहेरून लेन्स लखलखीत. मी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरला. मधल्या एका भिंगावर काठापासून आत शिरलेली बुरशीची पांढरी जाळी, आणि तिच्या मागच्या भिंगावर दुधाळ धुकट थर. उजेड आत शिरत होता आणि तिथेच विखरत होता. फोटोतला काळा रंग राखाडी झाला होता, त्याला तो मुलगा सॉफ्ट म्हणत होता. मोतीबिंदू झालेल्या माणसाला चित्रकला येत नाही म्हणून हाकलून द्यावं, तसला हा न्याय. दुकानदाराने त्याला पुढचं भिंग पुसून दाखवलं होतं. टॉर्च दाखवला नव्हता आणि या मुलाने मागितलाही नव्हता.

बुरशी नसली तरी लेन्स कधीतरी उघडली गेलेली असते. चाळीस वर्षांत कुणीतरी ती ‘सर्व्हिस’ केलेली असते आणि परत जोडताना एखादं भिंग किंचित तिरपं बसलेलं असतं. ते ओळखणं सोपं आहे. दूरचा एकच बारीक तपशील, टॉवर म्हणा, पाटी म्हणा, आळीपाळीने फ्रेमच्या चारी कोपऱ्यांत आणायचा, प्रत्येक वेळी त्या कोपऱ्यात नव्याने फोकस करायचा. चारही कोपरे सारखेच ढिले असतील तर तो रचनेचा गुण-दोष. एकच कोपरा ढिला असेल तर दोष त्या एका नगाचा आहे, अख्ख्या मॉडेलचा नाही. विटांच्या भिंतीचा एक फोटो काढून मोकळं होणाऱ्यांना हा फरक कधीच कळणार नाही. आणि एपीएस-सी सेन्सरवर तपासून ‘कोपरे झकास’ म्हणणाऱ्यांनी तर लेन्सचे खरे कोपरे पाहिलेलेच नसतात. ते सेन्सरच्या बाहेर पडलेले असतात.

सगळ्यात जास्त बळी घेतो तो अ‍ॅडॉप्टर, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. निकॉन एफ माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, सोनी ई माउंटचं १८. म्हणजे अ‍ॅडॉप्टर नेमका २८.५ मिमी जाड हवा. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुद्दाम थोडा पातळ करतात, अनंताला फोकस मिळाला नाही अशी तक्रार येऊ नये म्हणून. एकाच फोकल लांबीच्या लेन्सला त्याने फारसं बिघडत नाही. फोकस रिंग जराशी फिरवली की झालं. झूमचं तसं नाही. झूम फोकस धरून ठेवते ती हे अंतर बरोबर असेल तरच. अ‍ॅडॉप्टर एक दशांश मिलिमीटर पातळ असला, २१०ला फोकस केला आणि मग ७०वर आणली, तर जवळपास सगळी चूक ७०ला तशीच शिल्लक राहते. एफ/३.५ला त्या चुकीचा डाग साधारण ०.०२५ मिमीचा होतो. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिमी. म्हणजे प्रत्येक बिंदू चार पिक्सेलभर पसरला. मग हे महाशय जाहीर करतात, ‘७०ला लेन्स बेकार आहे.’ बेकार पितळेचं कडं आहे, लेन्स नाही. झूम बदलल्यावर प्रत्येक वेळी चित्र मोठं करून नव्याने फोकस करा, मग बोला.

हादऱ्यांचंही तेच. जुनी लेन्स कॅमेऱ्याला स्वतःची फोकल लांबी सांगत नाही. कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझरला ती हाताने सांगावी लागते. तिथे ७० ठेवून २१०ला फोटो काढला की स्टॅबिलायझर अपुरी दुरुस्ती करतो आणि नावं लेन्सला. शिवाय ही ढकल-ओढ झूम आहे, खाली तोंड केलं की जुना नग आपोआप घसरतो. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्यांवरून किलोमीटरभर लांबची इमारत टिपली तर हवाच थरथरत असते. तिथे जगातली कुठलीही २१० मिमीची लेन्स हरेल. सकाळी लवकर, ट्रायपॉडवर, टायमर लावून, स्टॅबिलायझर बंद करून काढलेला फोटो हाच पुरावा. बाकी सगळं ऐकीव.

आणि ते शंभर टक्के. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो २४ इंची फुल एचडी पडद्यावर शंभर टक्क्यांवर बघणं म्हणजे साडेपाच फूट रुंदीचा प्रिंट दीड-दोन फुटांवरून न्याहाळणं. ही लेन्स ज्या काळी बनली तेव्हा तिचा माल आठ बाय दहाच्या प्रिंटवर आणि मासिकाच्या पानावर जायचा. तरीही बघा, माझी हरकत नाही, पण तुलना तरी न्यायाने करा. आजच्या मिररलेस झूमचा वाकडेपणा, काळवंडलेले कोपरे, कडांचे रंगीत धागे हे सगळं कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर तुम्हाला दिसायच्या आधीच पुसून टाकतं. त्या पुसलेल्या चित्राशेजारी जुन्या लेन्सचं न पुसलेलं चित्र ठेवून निकाल लावणं ही सरळ लबाडी आहे. एकतर दोन्हींची दुरुस्ती करा, नाहीतर दोन्हींची काढून टाका.

उलट बाजूचे भाट मला तितकेच असह्य आहेत. ‘कॅरेक्टर’, ‘सिनेमॅटिक’, ‘थ्रीडी पॉप’. या शब्दांनी कशाचंही मोजमाप होत नाही. सूर्य समोर असताना चित्र धुवून निघतं ते जुन्या लेपामुळे आणि पंधरा भिंगांच्या पृष्ठभागांवरून उसळणाऱ्या उजेडामुळे. तो दोष आहे. कुणाला आवडत असेल तर खुशाल आवडो, पण तो गुण म्हणून विकू नका. विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या पैशांतून या लेन्स घेतात.

मग किनोची स्वच्छ, न उघडलेली लेन्स खरोखर कशी आहे? ७० ते १३५ला एफ/५.६वर मध्यभाग आजही मान डोलवावा असा, एफ/८ला कडाही जमून येतात. २१०ला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर तपशील असतो, पण त्यावर मऊ झाक पसरलेली असते आणि चमकत्या कडांना जांभळी किनार लागते. एफ/८ला झाक जाते, किनार बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. हुड लावलाच पाहिजे. फुलं, कापडाचा पोत, नाटकाच्या तालमीतले चेहरे यांना ती पुरून उरेल. उडणारे पक्षी आणि विरुद्ध उजेडातली लग्नं यांसाठी ती घेऊ नये, फुकट मिळाली तरी.