जनावर मोकाट, पावती चालकाच्या नावावर!

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या माळावर मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. माघार घेतलेला निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि अखेर त्याला तह स्वीकारावा लागला. इतिहासाला खर्ड्याची ही ओळख आहे. आज त्याच परिसरातील माणसाला तिन्हीसांजेनंतर रस्त्यावर जी लढाई लढावी लागते, तिची नोंद मात्र कोणतीही बखर घेणार नाही. जामखेडच्या वाटेवर अंधार पडला की वळणापलीकडे काय उभे असेल, याचा भरवसा नसतो. उसाच्या हंगामात मागे साधा लाल कागदही न लावलेली बैलगाडी, मेंढपाळाचा स्थलांतर करणारा कळप, धन्याने सोडून दिलेली भाकड गाय, नाहीतर अकस्मात झेपावणारे कुत्रे. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याच्या बाजूला गेले, तर हरणांचीही भर पडते.

समजा, अशा एखाद्या रात्री मर्यादित वेगाने निघालेल्या जीपसमोर गाय आली. चालकाने क्षणार्धात गाडी उजवीकडे घेतली. गाय वाचली, गाडीतील माणसेही वाचली. पण रस्त्यामधली अखंड रेषा ओलांडली गेली आणि समोरच्या वाहनाला घासटले. पोलीस येईपर्यंत गाय शांतपणे निघून गेलेली असते. पंचनाम्यात उरतात फुटलेली काच, ओलांडलेली रेषा आणि भांबावलेला चालक. पावती कोणाच्या नावावर फाटणार, हे वेगळे सांगावयास नको!

आणि येथेच मध्यमवर्गीय सुजाण नागरिक पहिली चूक करतो. ‘जाऊ द्या हो, भरून टाका, कोर्टाची पायरी कोण चढणार?’ असे म्हणून तो पाकीट बाहेर काढतो. प्रकरण तेथेच मिटते, परंतु स्वतःची बाजू मांडण्याची संधीही तेथेच संपते. शासकीय दप्तरात नोंद राहते ती एवढीच की, चालक चुकला. गायीची नोंद नाही, तिच्या धन्याची नाही, अंधाराची नाही आणि रस्ता राखणाऱ्या खात्याची तर नाहीच नाही. शांतपणे भरलेला असा प्रत्येक दंड प्रशासनाच्या अनास्थेवर पांघरूण घालतो.

वास्तविक कायदा इतका आंधळा नाही. १८६० च्या भारतीय दंड विधानातील कलम ८१ आज भारतीय न्याय संहितेत कलम १९ म्हणून कायम आहे. दुसरी मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूवाचून आणि सद्भावनेने केलेले कृत्य केवळ त्यात हानीचा संभव होता म्हणून गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते. या कलमाखाली दिलेले उदाहरणच मोठे बोलके आहे. एका जहाजाच्या कप्तानापुढे अचानक वीस-तीस प्रवाशांची नाव येते. जहाज थांबवणे शक्य नसते. दिशा बदलावी, तर दोघेच प्रवासी असलेल्या दुसऱ्या नावेला धोका. तरीही पहिली नाव वाचवण्याच्या शुद्ध हेतूने त्याने दिशा बदलली, तर तो गुन्हेगार नव्हे. जहाजाच्या जागी जीप ठेवली की खर्ड्याच्या रस्त्यावरचा प्रसंग उभा राहतो. हे अपवाद मोटार वाहन अधिनियमासारख्या विशेष कायद्यांखालील गुन्ह्यांनाही लागू होतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९८८ च्या त्या अधिनियमातील कलम १८४ सुद्धा धोकादायक वाहनचालन ठरवताना सक्षम आणि सावध चालकाचीच कसोटी लावते. मग सक्षम आणि सावध चालकाने गायीवर गाडी घालावयास हवी होती काय?

अर्थात, या कलमात एक अट आहे आणि ती विसरून चालणार नाही. कप्तानाची स्वतःची कोणतीही चूक वा हयगय नसली पाहिजे. ताशी शंभरच्या वेगाने, एका हाताने भ्रमणध्वनी कानाला लावून येणाऱ्याने ‘गाय आडवी आली’ अशी सबब सांगू नये. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोईमतूरच्या एका अपघातात महामार्गावर इशारा न देता अचानक गाडी थांबवणाऱ्या मोटारचालकाला पन्नास टक्के जबाबदार धरले. गर्भवती पत्नीला मळमळू लागले, हे कारण न्यायालयाने पुरेसे मानले नाही. कारण मागून येणाऱ्या तरुणाला आपला पाय गमवावा लागला होता. म्हणजे हेतू चांगला असणे पुरेसे नाही. संकट खरोखर आकस्मिक आणि अटळ होते, हे दाखवावे लागते. ते दाखवण्याचा भार चालकावरच असतो. म्हणून त्याच वेळी जागेची छायाचित्रे घ्यावीत, टायरच्या खुणा टिपाव्यात, साक्षीदारांची नावे लिहून घ्यावीत, ११२ वर दूरध्वनी करून मोकाट जनावराची वर्दी द्यावी. कॅमेऱ्याने चलान धाडले असेल, तर राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तेथे दाद न मिळाल्यास न्यायालय आहेच.

न्यायालयात न्याय मिळतो का? मुंबईचे एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०२० मध्ये मरीन ड्राइव्हवर खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या दुचाकीसमोर कुत्रा आला. कुत्रा मेला, दुचाकी घसरून मुलगाही जखमी झाला. एका श्वानप्रेमीच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला तो त्या मुलावरच! निष्काळजी वाहनचालनाची ही कलमे माणसाच्या जीविताला होणाऱ्या धोक्यासाठी आहेत, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ते प्रकरण रद्द केले आणि राज्य शासनाला वीस हजार रुपयांचा खर्च देण्यास फर्मावले. ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असेही न्यायालयाने बजावले. त्या मुलाने मुकाट्याने मान तुकवली असती, तर हा निकाल आलाच नसता.

आता शासनाकडे वळू. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न करणाऱ्या यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण केव्हा? त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी अपंग झाला, तर! नागरिकाची क्षणाची चूक तत्काळ दंडनीय, यंत्रणेची वर्षानुवर्षांची हयगय मात्र प्रेत पडल्यावर दंडनीय. हा कुठला समतोल? ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील मोकाट गुरे हटवून त्यांना निवारा द्यावा, गस्ती पथके नेमावीत, मदत क्रमांक लावावेत, असा आदेश दिला. म्हणजे रस्ता मोकळा ठेवणे ही शासनाची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे. चलानाला आव्हान देणाऱ्याने हा आदेश न्यायाधीशांपुढे जरूर ठेवावा.

तथापि, सगळे खापर शासनाच्या माथी फोडून समाजाला मोकळे होता येणार नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंशाला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ हा मान दिला. या दोन्ही निर्णयांचा आनंद अनेकांनी साजरा केला. मग ही राज्यमाता रात्री डांबरी रस्त्यावर का बसते? दूध आटले की तिला वेशीबाहेर हाकलणारा धनी परका नाही. तो गावातलाच आहे आणि पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाराही तोच आहे. गोमातेचा जयजयकार करणाऱ्या गावात जर कोंडवाडा मोडून पडला असेल आणि चाऱ्याची पेंढी टाकायला कुणी नसेल, तर तो जयजयकार पोकळ आहे. दुष्काळी जामखेड तालुक्यात भाकड जनावर पोसणे सोपे नाही, हे खरे. म्हणूनच ते ओझे एकट्या शेतकऱ्यावर न टाकता गावाने उचलावयास हवे.

खर्डा ज्या जामखेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील चौंडी ही पुण्यश्लोक अहिल्यादेवींची जन्मभूमी. त्यांच्याच नावाने आज हा जिल्हा ओळखला जातो. पुत्राच्या रथाखाली वासरू चिरडले म्हणून देवींनी पुत्रालाच शिक्षा फर्मावली, अशी लोककथा सांगितली जाते. तमिळ देशात मनुनीती चोळ राजाविषयीही अशीच कथा आहे. इतिहासाच्या कसोटीवर या कथा उतरोत वा न उतरोत, लोकमानसाने त्यांत जपलेला न्याय स्पष्ट आहे. जनावराच्या जिवाचा जाब प्रथम राजघराण्याला विचारला जातो. आज तो जाब केवळ वाटसरूला विचारला जातो आणि राजा पावतीपुस्तक घेऊन उभा असतो.

तेव्हा निर्दोष चालकाने दंड मुकाट भरू नये; पुराव्यानिशी उभे राहावे. आणि खर्ड्यासारख्या प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. कोंडवाडा कुठे आहे? गुरांच्या गळ्यात आणि गाड्यांच्या मागे चमकणारी पट्टी कधी लागणार? भाकड गायींचा चारा कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे गावाने दिली, तर गायही वाचेल, माणूसही वाचेल आणि कोणाच्याच नावावर पावती फाडण्याची वेळ येणार नाही.