चित्राच्या किमतीत घराचा वाटा

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही कारखान्यांच्या परिसरातील स्थानके मागे टाकते, तळेगाव आणि कामशेत ओलांडते आणि लोणावळ्याच्या अलीकडचे शेवटचे स्थानक असलेल्या मळवलीला क्षणभर थांबते. कार्ला आणि भाजे येथील लेणी पाहू इच्छिणारे प्रवासी तेथे उतरतात. या लहानशा गावातून एके काळी देशभरातील घरांत देवादिकांची रंगीत चित्रे जात असत, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९९ मध्ये येथे आला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांची जी रूपे आज ‘जुनी’ म्हणून मनाला ओढ लावतात, त्यांतील कितीतरी या छापखान्यातील दगडांवरून कागदावर उतरली.

आज त्याच जुन्या रूपाला पुन्हा मागणी आली आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या नव्या सदनिकांत भिंतीसाठी जुन्या वळणाची तसबीर हवी असते. लग्नाच्या पत्रिकेला पोथीतील वेलबुट्टी हवी असते, दिवाळीच्या भेटीसाठी जुन्या काड्यापेटीवरील चित्रासारखे कार्ड हवे असते. ही मागणी पुरवणाऱ्या हातांमध्ये घरातून काम करणाऱ्या स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने आहेत. दुपारी जेवणाचे टेबल आवरून त्यावर रंगांच्या वाट्या मांडायच्या, मुले शाळेतून परतण्यापूर्वी त्या उचलायच्या आणि रात्री भ्रमणध्वनीवर आलेल्या मागण्यांना उत्तरे द्यायची, असा हा व्यवसाय चालतो. कौतुक सर्वांना असते. परंतु व्यापारी घराला विचारावासा वाटला पाहिजे असा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. या चित्रात जो वेळ गेला, तो कोणाच्या खात्यातून गेला?

मळवलीचा इतिहास या प्रश्नाला चांगला उजेड देतो. रविवर्मा हे त्रावणकोरमधील किळिमानूरचे. त्यांच्या तैलचित्रांना राजेरजवाड्यांकडून इतकी मागणी होती की, एका हाताने ती पुरवणे अशक्य होते. त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांत दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच त्यांना सुचविले होते की, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. पुढे ही कल्पना भारतातच साकार झाली. १८९४ मध्ये मुंबईजवळ घाटकोपर येथे छापखाना उभा राहिला. भागीदार होते मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाऊ मकनजी. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग अचूक बसवायचा, अशी ही पद्धत होती. एक दगड केसभर सरकला तरी चेहरा बिघडत असे.

काम उत्तम होते, धंदा मात्र सोपा नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे भागीदारी संपली, छापखाना मळवलीस हलवावा लागला आणि कर्जाचा भार वाढत गेला. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकून टाकला.

या साऱ्या उलाढालीत एक माणूस सतत उभा होता, ज्याचे नाव चित्राखाली छापले जात नसे. ते म्हणजे धाकटे बंधू सी. राजराजा वर्मा. ते स्वतः उत्तम चित्रकार होते आणि निसर्गचित्रण हा त्यांचा खास प्रांत होता. परंतु मोठ्या भावाच्या चित्रांत साहाय्य करणे, प्रवासाची व्यवस्था पाहणे, पत्रव्यवहार करणे आणि छापखान्याचे व्यवहार सांभाळणे यांत त्यांचे दिवस गेले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली १८९५ ते १९०४ या काळातील रोजनिशी आज छापील रूपात उपलब्ध आहे. १९०५ च्या आरंभी ते वारले आणि पुढच्याच वर्षी रविवर्माही गेले. धाकट्या भावाने आपला सगळा वेळ स्वतःच्या निसर्गचित्रांना दिला असता तर काय घडले असते, याचे उत्तर कोणत्याही वहीत मिळत नाही. कारण तो खर्च कोणी लिहूनच ठेवला नव्हता.

घरातील दुसरी बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. रविवर्मांच्या पत्नी मावेलिक्करा येथील राजघराण्यातील होत्या. तेथील मातृवंशीय रीतीप्रमाणे पत्नीने माहेरीच राहणे स्वाभाविक होते. परंतु मुंबई, बडोदा, म्हैसूर, उदयपूर असा सतत प्रवास करणाऱ्या चित्रकाराच्या मुलांचे संगोपन त्याच्या गैरहजेरीत कोणीतरी करत होते, हेही तितकेच खरे. कलावंताची मोकळीक ही बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी बांधिलकीवर उभी असते.

याच छापखान्याशी संबंध आलेल्या आणखी एका घराची कथा महाराष्ट्राला अधिक जवळची आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी रविवर्मा छापखान्यासाठी मुद्रणाचे काम केले होते. पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रपटात काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत, कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट काम करीत, शिवाय घर आणि मुले सांभाळीत. भांडवलासाठी त्यांचे दागिनेही कामी आले. आज सरस्वतीबाईंचे नाव आदराने घेतले जाते, ते उचितच आहे. पण त्यांच्या श्रमांचे मोल त्या काळात कोणत्या सदरात मांडले गेले? भांडवल म्हणून, मजुरी म्हणून, की केवळ ‘घरचेच’ म्हणून?

‘घरचेच’ हा शब्द व्यापारी कुटुंबांना चांगला परिचयाचा आहे. दुकानात घरचाच मुलगा बसतो, घरचीच सून हिशेब पाहते, म्हणून पगार मांडला जात नाही आणि वर्षअखेरीस नफा मोठा दिसतो. जाणता व्यापारी मात्र मनात ओळखून असतो की, त्या नफ्याचा काही भाग वास्तविक न दिलेला पगार आहे. चित्रांच्या व्यवसायात ही फसगत अधिक सहज होते, कारण तेथे काम आवडीचे असते आणि आवडीच्या कामाचे तास मोजणे अनेकांना कोतेपणाचे वाटते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, जुन्या धाटणीची एक तसबीर १,५०० रुपयांस विकली गेली. कागद, रंग, चौकट आणि काच यांचा खर्च ६०० रुपये झाला. वरकरणी नफा ९०० रुपये. खोके, टपालखर्च आणि वाटेत फुटणाऱ्या काचांचा सरासरी वाटा मिळून १८० रुपये वजा केले की ७२० उरतात. ती तसबीर पूर्ण करण्यास १८ तास लागले असतील, तर एका तासाचे मोल ४० रुपये झाले. हा आकडा पाहून व्यवसाय बंदच करावा असे नाही. परंतु तो न पाहता व्यवसाय वाढवणे म्हणजे जितक्या मागण्या अधिक, तितकी झीज अधिक.

ही झीज नेमकी केव्हा होते, हेही पाहिले पाहिजे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरात स्वयंपाकघराची घाई दुपारी चारनंतर सुरू होते. मुले शाळेतून परततात तीही तेव्हाच. घरातील कोणी चाकणच्या कारखान्यात पाळीने काम करत असेल, तर आठवड्यागणिक दिनक्रम बदलतो. त्यात दिवाळीच्या सुमारास मागणी सर्वाधिक असते आणि नेमके त्याच पंधरवड्यात दुकान, फराळ, पाहुणे व वहीपूजन यांमुळे घरालाही सर्वाधिक हातांची गरज असते. म्हणून दिवाळीची चित्रे पर्युषणापूर्वीच तयार ठेवणे, पर्युषणाचे दिवस मोकळे सोडणे आणि ठरावीक तारखेनंतर नवी मागणी न स्वीकारणे, हे नियम घराने मिळून ठरवावेत. नियम एकट्या सुनेने केला तर तो तिचा हट्ट ठरतो. सासऱ्यांनी आणि पतीने तोच ग्राहकाला सांगितला तर तो पेढीचा रिवाज ठरतो.

मळवलीचा दुसरा धडा श्लायशर यांच्या कारभारातून मिळतो. छापखाना हाती आल्यावर त्यांनी स्वस्त प्रती काढल्या, मालावर लावायच्या चिठ्ठ्या आणि जाहिरातींची छपाईही स्वीकारली. तेच ठसे, तीच यंत्रे, पण उपयोग अनेक. १९७२ च्या भीषण आगीत नष्ट होईपर्यंत तो कारखाना चालला. मूळ चित्र एकदाच काढावे आणि प्रती अनेक विकाव्यात, हेच तर माधवरावांनी सुचविलेल्या वाटेचे मर्म होते. घरातून काम करणाऱ्या आजच्या चित्रकर्तीलाही हा मार्ग मोकळा आहे. महिन्याला दहा तसबिरी हाताने रंगवण्याऐवजी मन लावून एकच रंगवावी. तिच्या उत्तम छापील प्रती, कार्डे आणि पत्रिका विकाव्यात. अशा प्रतींवर जर व टिकल्या लावून त्या सजवण्याची चाल रविवर्मांच्या काळीही होती, त्यामुळे हाताच्या कामाला वाव राहतोच. चौकटी आणि खोक्यांचे काम या परिसरातील कारागिरांकडे सोपवता येते. जे काम दुसरा करू शकतो त्यावर चित्रकर्तीचे तास खर्च करणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

मात्र प्रत ही प्रत म्हणूनच विकावी. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि भारतीय कायद्यात चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे त्यांच्या चित्रांवरून नवे काम करण्यास आडकाठी नाही. परंतु चहाच्या पाण्याने कागद पिवळा करून तो ‘आजोबांच्या काळातला’ म्हणून खपवणे हे कलेला आणि पेढीच्या नावाला, दोहोंनाही कमीपणा आणणारे आहे. १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी चित्रे आणि ७५ वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते ही पुरावस्तू ठरतात आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. तेव्हा प्रत्येक चित्रामागे ते केल्याचे वर्ष आणि करणारीचे नाव लिहावे. त्याने ग्राहकाचा विश्वास जपला जातो आणि राजराजा वर्मांच्या वाट्याला आलेली अनामिकताही टळते.

साहित्याच्या बाबतीतही अशीच स्पष्टता हवी. जुन्या पद्धतीच्या चित्रकलेत खारीच्या केसांचे कुंचले वापरत आणि रंग बांधण्यासाठी प्राण्यांपासून केलेला सरस घालत. आज कृत्रिम तंतूंचे चांगले कुंचले मिळतात आणि बाभळीच्या डिंकाने रंग उत्तम बांधला जातो. आपण काय वापरतो हे चित्रासोबत लिहून दिले, तर जैन ग्राहकास ते विचारावेही लागणार नाही.

येत्या दिवाळीत वहीपूजन होईल तेव्हा नव्या वहीत एक पान चित्रांच्या खात्यासाठी राखावे. ते घरखर्चाच्या पोटात न घालता चित्र काढणारीच्या नावाने उघडावे. जमेच्या बाजूस विक्री लिहावी. खर्चाच्या बाजूस रंग आणि कागदाबरोबर तिचे तासही लिहावेत, आणि तिच्या जागी ज्या सासूबाईंनी स्वयंपाक केला किंवा ज्या दिरांनी मुलांना शिकवणीला नेले, त्यांचेही तास लिहावेत. पैसे त्या क्षणी द्यावेत असे नाही, आकडा मात्र दिसला पाहिजे. सहा महिन्यांनी ते पान सर्वांनी मिळून वाचावे. कदाचित किमती वाढवाव्या लागतील, कदाचित मदतनीस ठेवावा लागेल. कदाचित मुले मोठी होईपर्यंत काम निम्म्यावर आणावे असेही ठरेल. यांतील कोणताही निर्णय कमीपणाचा नाही. फक्त तो निर्णय आकडे समोर ठेवून झालेला असेल आणि ज्यांचा वेळ खर्च होतो आहे त्यांना विचारून झालेला असेल.