विजयदुर्गाला एक अख्खा दिवस द्या

एसटी चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता नातवंडांना मागे बसवून स्वतःची गाडी काढतो, तेव्हाही वाट तीच धरतो: भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, आडिवरे, नाटे, जैतापूर आणि पुढे विजयदुर्ग. पूर्णगडाचा उतार उतरताना मुचकुंदीचं मुख एकदम समोर येतं. पुढे गावखडीला सुरूचं बन लागतं, आणि मग जांभ्याचे उघडे सडे. पाऊस सरता सरता हे सडे फुलांनी भरून जातात.

रेवस ते रेडी सागरी मार्ग रुंद आणि वेगवान व्हावा, असं सगळीकडे बोललं जातं. खाड्यांवरचे पूल हवेतच. तरीची वाट बघत ताटकळलेली बाळंतीण मी पाहिली आहे. पण वळणं कापून, सडे फोडून गाडी ऐंशीच्या वेगाने नेण्याला माझा ठाम विरोध आहे. त्या वेगाने येणारा माणूस विजयदुर्गावर तासभर फिरतो, फोटो काढतो आणि मालवण गाठायला निघतो.

विजयदुर्ग तासाभरात कळत नाही. शिलाहार राजा भोजाच्या काळापासूनचा हा किल्ला १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. तिहेरी तटबंदी आहे, तीन बाजूंना समुद्र आहे. कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून हलायचं. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह इथल्या तुळाजी आंग्र्यांवर चालून आले. पेशव्यांची फौज जमिनीवरून इंग्रजांच्याच बाजूने होती. मराठ्यांचंच आरमार त्या बंदरात जळून गेलं. ही गोष्ट मुलांना सांगताना आजही माझा आवाज जड होतो.

खरी गंमत किल्ल्याबाहेर आहे. वाघोटण खाडीच्या कडेला गिर्ये इथे खडकात खोदलेली आरमारी गोदी आहे, साधारण साडेतीनशे फूट लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळाची डागडुजी करायची. बोटी बांधणारा, दुरुस्त करणारा माणूस इथे राबला. त्याच्याशिवाय किल्ल्यावरच्या तोफा किती दिवस टिकल्या असत्या? गावात धुळपांचा वाडाही आहे. पेशव्यांच्या आरमाराची सुभेदारी याच घराण्याकडे होती.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत विजयदुर्ग आहे. आता पैसा येईल. तो रुंद डांबरावर घालू नका. गोदीपर्यंत नीट पायवाट करा, गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम शिकवा, घरगुती मुक्कामाला हात द्या. मुक्काम झाला तरच चार पैसे गावात राहतात.

आणि तुम्ही याल तेव्हा भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून या, रात्री गावातच राहा. गोदी पाहिल्याशिवाय परत फिरू नका.