दिवेलागण साडेआठला

जून उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आजी-आजोबा येऊन दाखल होतात. बॅगेतून मेतकूट, गोडा मसाला आणि नातीसाठी शिवलेलं परकर-पोलकं निघतं. माप मागच्या वर्षीचं, तरी ती ते रात्रीसुद्धा अंगावरून उतरवत नाही. व्हिजिटर व्हिसावर राहायला मिळतात साधारण सहा महिने. इथं या दिवसांत सूर्य साडेआठला मावळतो, म्हणून शेजारच्या आजी नातवाला शुभंकरोती उजेडातच म्हणायला लावतात. तो अडखळतो. त्या थांबतात, नुसते ओठ हलवून शब्द सुचवतात. रविवारच्या मराठी शाळेत भाषा इतकी मुरत नाही, असं मला मनापासून वाटतं. तरुण आईबाबांनो, त्यांच्यावर फक्त मुलं सोपवू नका. रजा काढा, सगळे मिळून पोळ्या लाटा. आजोबांना दुपारी गप्पांना सोबत लागते, तीही शोधून द्या.