उत्सव ही लोकशाळा व्हावी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडली की महाराष्ट्राच्या घराघरांत मंगलमूर्तीचे आगमन होते आणि श्रावणसरींनी न्हालेल्या या भूमीवर उत्साहाला उधाण येते. ज्याचे स्तवन आपण बुद्धीची देवता म्हणून करतो, त्याच्या उत्सवात बुद्धीलाही काही खाद्य मिळावे, ही अपेक्षा नवी नाही. इ. स. १८९३ मध्ये पुण्या-मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सवास आरंभ झाला. लोकमान्य टिळकांनी पुढे त्याला जे राष्ट्रीय स्वरूप दिले, त्याच्या मुळाशी हीच दृष्टी होती. ज्यांना शाळेचा उंबरठा ओलांडण्याचे भाग्य लाभले नाही, अशा सामान्य जनांपर्यंत व्याख्याने, कीर्तने आणि मेळे यांच्या द्वारे देशस्थिती पोहोचली. मंडप ही त्या काळची लोकशाळा होती. परक्या सत्तेचा प्रश्न १९४७ साली सुटला. आज आपल्यापुढे उभा आहे तो आपल्याच हातांनी मलिन झालेल्या नद्यांचा, उजाड झालेल्या डोंगरांचा आणि नापीक होत चाललेल्या मातीचा प्रश्न. या प्रश्नाचे शिक्षण त्याच मंडपात मिळू शकेल काय, याचा विचार आजच्या मंगलदिनी अप्रस्तुत ठरू नये.

या शिक्षणाची सामग्री उत्सवाच्या बाहेरून आणावी लागत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ती पूजाविधीतच सामावलेली आहे. शास्त्राने सांगितलेली मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची. मातीला आकार द्यावा, तिच्यात देवत्वाची प्रतिष्ठा करावी, तिला परिसरातील पत्री वाहावी आणि अखेर तिला पाण्याच्या स्वाधीन करून मातीत मिळू द्यावे, असा हा क्रम आहे. जे निसर्गाकडून घेतले ते वापरून पुन्हा निसर्गाला परत करावे, हे तत्त्व आपल्या पूर्वजांनी पोथीत न ठेवता कृतीत ठेवले. माती, वनस्पती आणि पाणी हे त्या कृतीचे तीन धडे. आज कृती उरली आहे. धडा मात्र विसरला गेला आहे.

पत्रीचेच उदाहरण घ्या. दूर्वा, आघाडा, माका, बेल, शमी, रुई, कण्हेर, धोत्रा, डोरली, अर्जुन, हादगा, केवडा, तुळस अशी एकवीस पत्री गणेशाला वाहण्याचा परिपाठ आहे. ग्रंथपरत्वे यादीत थोडाफार फरक आढळतो. यांतील प्रत्येकीचे घर निराळे. आघाडा पडीक रानात उगवतो, माका ओलसर जागी, अर्जुन नदीकाठी, केवडा खाडीच्या नाही तर ओहोळाच्या काठी, तर शमीला कोरडे रान मानवते. ही सारी पाने गोळा करायची तर गावचा माळ, ओढा, कुंपण आणि देवळाचे आवार पायांखाली घालावे लागे. बरोबर मुले असत. रुईच्या पानावर बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी वाढते, कण्हेर आणि धोत्रा विषारी असल्याने हात धुतल्याखेरीज तोंडाला लावू नये, हे ज्ञान त्यांना चालता-बोलता मिळे. वर्षातून एक दिवस का होईना, पण गावाच्या वनसंपदेची ती मोजदादच असे.

आज शहरातील गृहस्थ बाजारातून पत्रीची जुडी विकत आणतो. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतील पाड्यांवरून ती आणणाऱ्या आदिवासी भगिनी पहाटेपासून पदपथावर बसलेल्या असतात. त्यांना प्रत्येक पानाचे नाव, गाव आणि गुण ठाऊक असतो. परंतु भाव विचारण्यापलीकडे त्यांना कोणी काही विचारीत नाही. घरी पोथीतील नावे उच्चारली जातात आणि हाती येईल ते पान वाहिले जाते. पत्रीत देवदाराचे नाव आहे. देवदार हा हिमालयातला वृक्ष. तो सह्याद्रीत उगवत नाही. तरी देवदार म्हणून आपण काय वाहिले, याची चौकशी किती घरांत होत असेल? वास्तविक जो उपचार उपलब्ध नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, अशी सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. दुर्मीळ वस्तूसाठी रान ओरबाडू नये, हा संयम तीत अभिप्रेत नाही, असे कोण म्हणेल?

ही जुनी शाळा सर्वत्रच बंद पडलेली नाही. गोमंतकात आणि तळकोकणात ती अद्याप भरते. गोव्यात गणपतीच्या माथ्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातील फळे, फुले आणि वेली बांधतात. तिला माटोळी म्हणतात. सिंधुदुर्गात ती माटवी या नावाने ओळखली जाते. सुपारीचे घोस, नारळ, तोरिंगे, आंबाडे यांच्या जोडीला कवंडळ, घागऱ्यो, कांगले अशी रानफळे तिथे लटकू लागतात. चतुर्थीपूर्वी काही दिवस घरातील जाणती माणसे रानात शिरतात. कोणते फळ कोणत्या डोंगराच्या कुशीत, कोणत्या वेळी मिळते, काय औषधी आणि काय विषारी, हे आजोबांकडून नातवाकडे जाते. वर्गावाचून, फळ्यावाचून आणि परीक्षेवाचून चाललेले हे वनस्पतिशास्त्र आहे. गोवा शासनाचे कला व संस्कृती संचालनालय माटोळी सजावटीच्या स्पर्धा घेते. त्यामुळे या परंपरेला प्रतिष्ठा लाभली, हे मान्य केले पाहिजे. तथापि स्पर्धा म्हटली की संख्येचा मोह आला. अधिकाधिक जाती टांगण्याच्या ईर्ष्येने दुर्मीळ वेल मुळासकट उपटली गेली, तर पुढच्या चतुर्थीला नातवाला दाखवायचे काय? म्हणून काय आणावे याच्याइतकेच काय रानातच ठेवावे, हेही या शाळेने शिकविले पाहिजे. जो जाणकार एखादे झाड दाखवील, पण तोडणार नाही, त्यालाही बक्षीस असावे.

आता पाण्याचा धडा. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी, स्वस्त आणि रेखीव असते, म्हणून ती घरोघर पोहोचली. भाजलेल्या जिप्समची ही पूड पाणी मिळताच पुन्हा घट्ट होते आणि जलाशयात महिनोन् महिने तशीच पडून राहते. भडक रंगांतील शिशासारखे जड धातू पाण्यात उतरतात. निर्माल्य कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि माशांचा श्वास कोंडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनासंबंधी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० मध्ये त्या सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली; पण तिची अंमलबजावणी लांबली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनाई कसोशीने पाळण्यास बजावले. जूनमध्ये मूर्ती घडविण्यास व विकण्यास वाट मोकळी झाली. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात आणि त्याहून उंच मूर्ती तूर्त नैसर्गिक जलाशयात, अशी तडजोड झाली. त्याच जुलैत महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा मान दिला. एकाच वर्षातील या घडामोडी पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. जनमानस तयार नसले म्हणजे कायदा दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे, असाच चालतो.

यात दोष एकट्या मूर्तिकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पेण, हमरापूर, जोहे या भागांतील असंख्य कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते. शाडूची मूर्ती जड, ठिसूळ आणि सावकाश वाळणारी; ती हातांना अधिक श्रम देते आणि प्रवासात भंगण्याचे भय मोठे. शिवाय शाडू बहुतांशी गुजरातेतून येतो. तीही खाणीतून काढलेली माती आहे आणि लक्षावधी मूर्तींच्या रूपाने तळ्यात पडली तर गाळच होते. तेव्हा प्लास्टर वाईट आणि शाडू चांगला, एवढ्या सोप्या सूत्राने प्रश्न सुटत नाही. मूर्ती लहान असावी, रंग सौम्य असावेत, विसर्जन बादलीत करून ती माती कुंडीत परत जावी, असे आपण ठरविले तर मूर्तिकाराला चार महिने आधी कळले पाहिजे आणि श्रमाचा योग्य मोबदलाही मिळाला पाहिजे. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून लहानशा मूर्तीनिशी चालत आला आहे. म्हणून तेथील भक्तीत उणेपणा आला, असे कोणी म्हणत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरच्या घरी विरघळविण्याची रीत शोधली. उरलेल्या द्रावणातील अमोनियम सल्फेट खत म्हणून उपयोगी पडते. पुणे महानगरपालिकेने ही पूड नागरिकांना पुरविली. शास्त्रज्ञ, नगरसंस्था आणि गृहिणी यांच्या सहकार्याचे हे चांगले उदाहरण होय. परंतु पूड बादलीत पडते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ती कशासाठी, हे कोणी सांगितले तरच त्या कृतीचे शिक्षण होते. एरवी एक उपचार गेला आणि दुसरा आला, इतकेच.

हे सांगण्याचे काम शाळांवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अंतर्भूत करण्याचा आदेश दिला. पाठ्यपुस्तके निघाली, प्रकल्पवह्या भरल्या. पुस्तकी ज्ञान निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण जो मुलगा ‘जलप्रदूषणाची कारणे’ पाठ म्हणतो, तोच सायंकाळी वडिलांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य नदीत टाकतो. शाळेतील धडा आणि घरातील वागणूक यांची गाठ पडते ती समाजाच्या अंगणात. ते अंगण म्हणजे वाडी, चाळ, गृहसंस्था आणि मंडळ.

गावांच्या हाती आणखी एक साधन आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही सिद्ध करावी, अशी तरतूद आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. मुदतीच्या दडपणाखाली केलेल्या नोंदींत ‘लोक’ कितीसे असणार? ज्या गावाची वही कपाटात पडून आहे, त्याने ती या उत्सवात मंडपात आणून ठेवावी. पत्रीतील एकवीस आणि माटोळीतील सारी नावे तीत आहेत का, ती झाडे गावात अजून कोठे उभी आहेत, गेल्या वीस वर्षांत कोणती दिसेनाशी झाली, याची विचारणा वडीलधाऱ्यांकडे करावी आणि लिहिण्याचे काम मुलांनी करावे. सरकारी कागद लोकांचा करण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

शहरांतील मंडळांनाही हे अवघड नाही. दहा दिवसांतील एक सायंकाळ पत्री विकणाऱ्या भगिनीला सन्मानाने व्यासपीठावर बसवून द्यावी. ती पाने दाखवील आणि आपण ऐकू. एक सायंकाळ मूर्तिकाराला द्यावी. त्याच्या हाताखाली मुलांनी माती मळावी. एक सायंकाळ खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळीबांधवाला द्यावी. विसर्जनानंतर जाळ्यात काय येते, हे त्याच्याइतके अनुभवाने कोण सांगणार? विसर्जनाच्या आठवड्यानंतर मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एकदा त्याच काठावर जाऊन यावे आणि जे दिसेल ते पुढील वर्षीच्या पहिल्या सभेत निवेदन करावे. यासाठी वर्गणी वाढवावी लागणार नाही. ध्वनिवर्धकाचा आवाज तेवढा काही काळ कमी करावा लागेल.

धर्मभावना दुखावेल, अशी शंका काही जण घेतील. जी पूजा मातीपासून सुरू होते आणि पाण्यात पूर्ण होते, तिने माती व पाणी यांची काळजी वाहावी, यात धर्माला बाधा येण्याजोगे काय आहे? उलट ज्या नदीला आपण माता म्हणतो, तिच्या काठी दुसऱ्या दिवशी भग्न मूर्तींचे ढीग पाहवत नाहीत, हा भाविकाच्याच मनाचा सल आहे. लोकमान्यांच्या पिढीने या उत्सवाकडून स्वराज्याचे शिक्षण घेतले. आपल्या पिढीने त्याच्याकडून, स्वराज्यात मिळालेली भूमी पुढच्यांच्या हाती धडपणे कशी सोपवावी, एवढे तरी शिकावे. विघ्नहर्ता आपल्या सर्वांना ती सद्बुद्धी देवो, आणि ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे म्हणताना त्याच्या स्वागताला निर्मळ पाणी व हिरवी पत्री सिद्ध असो, हीच या मंगलप्रसंगी त्याच्या चरणी प्रार्थना.