पाटी पुन्हा हाती घेताना

गेल्या डिसेंबरात आम्ही कुंभकोणमला गेलो होतो. माझी नणंद बरोबर होती. देवळे पाहून झाली, पितळी पेल्यातली फिल्टर कॉफी झाली आणि आम्ही सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका लहानशा घरापाशी थांबलो. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे हे घर. आता ते स्मारक म्हणून जपले आहे. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून एक खाट आहे, बाकी थाटमाट काही नाही.

वन्संचे वय ४७. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचे लग्न ठरले आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. आता मुले मार्गी लागली म्हणून त्यांनी मुक्त विद्यापीठाची माहिती आणवली, तेव्हा घरात हशा पिकला. ''आता सुनेबरोबर अभ्यासाला बसणार की काय?'' तो कागद मग कपाटात साड्यांखाली गेला.

त्या घरात मला रामानुजन यांची वेगळीच बाजू आठवली. कावेरीकाठचे इथले सरकारी कॉलेज 'दक्षिणेचे केंब्रिज' म्हणून ओळखले जाई. १९०४ मध्ये ते तिथे शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले. पण गणितापुढे बाकीचे विषय मागे पडले आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासला पुन्हा प्रयत्न केला, तर १९०७ मध्ये एफ. ए. ची परीक्षा हुकली. १९०९ मध्ये लग्न झाले. १९१२ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकुनी मिळाली. लोकांच्या लेखी शिक्षण तिथेच संपले होते. पण १९१३ मध्ये, हाती पदवी नसताना, मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. पुढल्या वर्षी ते खऱ्या केंब्रिजला गेले आणि १९१६ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, पदवीधर झाले.

मी हे सांगितले तशा वन्सं म्हणाल्या, ''अहो वहिनी, ते रामानुजन होते. मी कोण?''

प्रश्न खरा होता. म्हणून मी त्यांना जानकीअम्मांची गोष्ट सांगितली. १९२० मध्ये रामानुजन गेले, तेव्हा त्यांची पत्नी जानकी जेमतेम २१ वर्षांची होती. मूल नाही, शाळेचे शिक्षण नाही. ती मुंबईला भावाकडे गेली. तिथे शिवणकाम शिकली, इंग्रजीही शिकली. मग मद्रासला परतून तिने शिवणावर स्वतःचे पोट भरले, इतरांच्या मुलांच्या शिक्षणालाही हातभार लावला. १९९४ मध्ये त्या वारल्या. त्यांना कोणी प्रतिभावंत म्हटले नाही. शिकणे ही त्यांची गरज होती, एवढेच.

वन्सं बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या.

मोठेपणी शिकताना वय फारसे आड येत नाही. आड येतो तो संकोच, आणि घरातला न संपणारा वेळापत्रकाचा गाडा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाले, ते अशांसाठीच. तिथल्या बहुतेक अभ्यासक्रमांना कमाल वयाची अट नसते. मात्र पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का आणि आपली जुनी गुणपत्रके चालतील का, याची चौकशी अवश्य करावी. पदवी नोकरीसाठी हवी असेल, तर ही चौकशी दुप्पट काळजीने करावी.

आणि घरच्यांनी काय करावे? शाबासकी दिली नाही तरी चालेल. रोज दोन तास द्यावेत, हाक न मारता.

परतल्यावर वन्संनी साड्यांखालचा कागद काढला. मुलाला संगणकावर अर्ज भरायला बसवले आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर केले, ''परीक्षा आली की पंधरा दिवस पोळ्या बाहेरून येतील.''

या वेळी कोणी हसले नाही. यजमानांनी एवढेच विचारले, ''भाजी मी केली तर चालेल?''