शिवेचा दगड आणि आकाशांतील साक्षीदार

दागिन्यांच्या डब्यापेक्षांही जपून ठेवलेला कागदांचा एक गठ्ठा बहुतेक घरांत असतोच. किनवटकडील आमच्या एका स्नेह्यांनीं मागल्या दिवाळींत असाच गठ्ठा आमच्यापुढें सोडला. वरचा कागद उर्दूंत. त्यावर फसली सन आणि जिल्हा आदिलाबाद. त्याखालीं 1954 सालचें खासरा पत्रक, आणि तळाशीं हल्लींचा सातबारा. “जमीन एकच, पण तिचीं चरित्रें तीन!” असें ते हंसून म्हणाले. परंतु एका बांधापायीं शेजाऱ्याशीं त्यांचें बोलणें चार वर्षें बंद होतें, हें आम्हांस ठाऊक होतें.

हा घोळ कोणा एकाच्या आळसाचा नव्हे. किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व पुढें राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं तो नांदेडांत आला. दप्तराची भाषा पालटली, सनांची गणना पालटली (फसली सनांत 590 मिळविले कीं साधारणतः इसवी सन येतो), एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. जमीन मात्र जागच्या जागीं राहिली.

शिवेचें भांडण आपल्याकडे नवें नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत त्याचा सविस्तर विचार आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस लावावे. आणि जमिनींत कोळसे, हाडें, राख, खापऱ्या अशा गुप्त खुणा पुराव्या, असें तेथें सांगितलें आहे. साक्षीदारांनीं डोक्यावर माती घेऊन सीमा सांगावी, असाही दंडक आहे. पुढें इंग्रजी अमदानींत 1835 च्या सुमारास इंदापुराकडे गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्या पाहणीची पद्धति बसविली. तिच्याच धर्तीवर हैदराबादेंतही मोजणी झाली. साखळी 33 फुटांची, आणे सोळा. एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा. ज्या काळीं हें काम झालें त्या काळाच्या मानानें तें थोरच होतें. परंतु कागदालाही मर्यादा असते. पांच हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर! बांधाचें भांडण पुष्कळदां त्या रेघेच्या जाडींतच मावतें.

आतां साक्षीला आकाशांतील उपग्रह आले आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागानें ठिकठिकाणीं कायम संदेशकेंद्रें उभारलीं आहेत. त्यांच्या आधारें भूकरमापकाच्या हातांतील ‘रोव्हर’ नांवाचें यंत्र शेताचा कोपरा कांहीं सेंटिमीटरांच्या अंतरानें सांगतें. किनवटच्या दाट सागवानाखालीं त्यालाही कधीं अडखळावें लागतें, तें निराळें. गांवठाणांतील घरांसाठीं 2020 पासून स्वामित्व योजनेंत ड्रोनमार्फत नकाशे होत आहेत. हद्द निश्चित असली कीं रस्ता, कालवा वा घरबांधणी यांची आखणी लवकर होते, मोबदला योग्य हातीं पडतो आणि खरेदीखत निर्धास्तपणें करतां येतें. हा लाभ लहान नव्हे.

तथापि येथेंच एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. आपल्याकडे सातबारा महसूल खात्याचा, मोजणीचा नकाशा भूमि-अभिलेखाचा आणि खरेदीखत नोंदणी खात्याचें. 1908 च्या कायद्यानें नोंदणी होते ती दस्ताची; मालकीची हमी त्यांत नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत टॉरेन्स यांच्या पुढाकारानें 1858 सालीं मालकीच नोंदविण्याची रीत सुरू झाली. आपण अद्याप तेथवर पोंचलों नाहीं. त्यांतून कित्येक ठिकाणीं भावांच्या वांटण्या सातबारावर चढल्या, पण पोटहिश्शांची मोजणी कधीं झालीच नाहीं.

आणि यंत्र हद्द सांगतें, हक्क सांगत नाहीं. 1940 नंतर हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांनीं आदिलाबाद जिल्ह्यांतील गोंडांची स्थिति अभ्यासिली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी, पट्टा दुसऱ्याच्या नांवें झाल्यामुळें, त्यांच्या हातून कशा गेल्या हें त्यांनीं लिहून ठेवलें. पुढें 1974 सालीं आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा व 2006 सालीं वनहक्कांचा कायदा झाला, तो अशाच अन्यायांच्या निवारणार्थ. चुकीचें नांव सेंटिमीटरांपर्यंत अचूक नोंदविलें तर ती चूक अधिकच घट्ट होते. हीच गोष्ट आपल्या घरच्या लेकींची. 2005 च्या दुरुस्तीनें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच हक्क मिळाला. पण वारसनोंदींत तिचें नांव नसेल तर नकाशा कितीही सुबक असो, तो अपुराच.

म्हणून पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्या वाचक-भगिनी-बंधूंनीं तीन गोष्टी कराव्या. जुन्या कागदांचें जाणत्याकडून वाचन करून घ्यावें. सर्व वारसांची नोंद पुरी करावी. आणि मोजणीची नोटीस आली तर नोकरीची सबब न सांगतां बांधावर स्वतः उभें राहावें.

आमचे स्नेही अखेर उभे राहिले, शेजारीही आले. यंत्रानें दाखविलेल्या जागीं झुडपें तोडतां जुना दगड निघाला, तो स्नेह्यांच्याच पिकांत! चार वर्षें ज्याच्यावर अतिक्रमणाचा आरोप होता त्याची जमीन यांच्याच नांगराखालीं आली होती. स्नेह्यांनीं तेथल्या तेथें क्षमा मागितली, आणि त्या दिवशींचा चहा शेजाऱ्याच्या ओसरीवर झाला. दगड शोधणें यंत्राचें काम. तो मान्य करण्यास मात्र माणूसच लागतो.